बुट्टीचं सीट

पहाटे वडणग्याच्या बाजूची गाडी गंगावेशीत थांबली की आधी बुट्ट्या उतरतात, मग माणसे. ओल्या गोणपाटाखाली मेथी, पोकळा, कोथिंबीर. वरची बाई बुट्टी दाराशी सरकवते, खालची झेलते, तिसरी डोक्यावर चुंबळ नीट करत उभी असते. कुणी कुणाला काही सांगत नाही. रोजचेच आहे. पाच मिनिटांत गाडी रिकामी होते आणि बायकांची रांग कपिलतीर्थ मंडईच्या दिशेने चालू लागते.

त्यातल्याच एका साठीच्या मावशींकडून मी मेथीच्या दोन पेंढ्या घेतल्या आणि विचारले, गाडी नसेल त्या दिवशी काय करता?

"काय करायचं? वडाप. पर वडापवाला बुट्टीचं बी सीट धरतोय की. माझं एक आन् हिचं एक." त्यांनी बुट्टीवर हात ठेवला. "आता दोन सीटांत किती पेंढ्या गेल्या, तुमीच धरा."

मी हिशेब धरला, आणि तो तेव्हापासून डोक्यातून जात नाही. कोल्हापूरच्या शहर बससेवेबद्दल, म्हणजे केएमटीबद्दल, बोलणे निघाले की पहिला शब्द येतो 'तोटा'. वर्तमानपत्रांत तोटा, महापालिकेच्या अंदाजपत्रकात तोटा, चहाच्या टपरीवर तोटा. तो खोटा नाही. डिझेल, सुटे भाग, पगार, निवृत्तांची देणी यांचा खर्च तिकिटांतून निघत नाही, हे कुणीही मान्य करील. पण फेरी बंद केली की तो खर्च कुठे जातो, हे कुणी विचारत नाही. तो नाहीसा होत नाही. महापालिकेच्या वहीतून पुसला जातो आणि मावशींच्या कनवटीत जाऊन बसतो, बुट्टीचं सीट होऊन. तिथे त्याला कुणी तोटा म्हणत नाही, कारण त्या कनवटीचा ताळेबंद कुठेही छापून येत नाही.

वडाप म्हणजे सीटवर माणसे भरून नेणारी खासगी जीप. वडापवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या जीपचा हप्ता आहे, इंधन आहे, आणि बुट्टीने अडवलेल्या जागेवर एक माणूस बसला असता हे त्याचे म्हणणे खरेच आहे. सार्वजनिक बस आणि वडाप यांत फरक एवढाच, की वडाप भरल्याशिवाय सुटत नाही आणि बस वेळ झाली की सुटते. ज्याच्याकडे स्वतःची मोटारसायकल आहे त्याला हा फरक जाणवणारही नाही. ज्याला मंडईत सातच्या आत जागा धरायची असते, कारखान्याच्या गेटवर पाळीची वेळ गाठायची असते, ज्या घरी धुणीभांडी करायची तिथली बाई ऑफिसला निघायच्या आत पोचायचे असते, अशा माणसाचा अख्खा दिवस या फरकावर उभा असतो.

केएमटी सुरू झाली १९६२ मध्ये. त्याच वर्षी शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. तेव्हा कोल्हापूरला नगरपालिका होती. महापालिका झाली १९७२ मध्ये, आणि तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही. ६६.८२ चौरस किलोमीटरच्या या हद्दीत २०११ च्या जनगणनेनुसार ५ लाख ४९ हजार माणसे राहत होती. पण कोल्हापूर काही त्या रेषेवर थांबले नाही. पाचगाव, कळंबा, उचगाव, गांधीनगर, शिरोली, शिये, वडणगे ही गावे कागदावर गावे आहेत. प्रत्यक्षात शहराचा बराचसा रोजगार तिथून येतो आणि तिथे जातो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती, गांधीनगरची कापडपेठ हे सगळे हद्दीच्या बाहेर. तिथे काम करणारी माणसे आत राहतात, आणि आतल्या दुकानांत, दवाखान्यांत, घरांत काम करणारी बाहेर राहतात. ही दोन कोल्हापुरे एकमेकांना बांधून ठेवणारी जी मोजकी सार्वजनिक सोय आहे, ती बस आहे.

आणि नेमकी तीच हद्दवाढीच्या भांडणात सापडली. शहराची मागणी जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. पन्नास वर्षे एक इंचही न वाढलेल्या महापालिकेने उत्पन्न वाढवायचे कुठून? गावांचा विरोधही जुना आहे. घरफाळा वाढेल, शेतावर आरक्षणे पडतील, ग्रामपंचायत हातची जाईल, या भीतीला आधार नाही असे कुणी म्हणू शकणार नाही. तोडगा म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांचे नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झाले. त्याने दोन्ही बाजूंचे समाधान झाले नाही. या ओढाताणीतूनच हद्दवाढीच्या आंदोलनात एक मागणी पुढे आली: हद्दवाढीला विरोध करणाऱ्या गावांची केएमटी बंद करा.

या मागणीमागचा राग मला कळतो. शहरातला माणूस घरफाळा भरतो, त्या पैशातून बसचा तोटा भरून निघतो, आणि ती बस अशा गावात जाते जे शहरात यायला तयार नाही. त्याला ते अन्यायाचे वाटते. पण शिक्षा कुणाला होते ते पाहा. हद्दवाढीला विरोधाचा ठराव ग्रामसभेत मांडणाऱ्याकडे बहुधा गाडी असते. बस बंद झाली म्हणून त्याचे एकही काम अडत नाही. अडते ते मेथीच्या बुट्टीचे, अकरावीतल्या मुलीचे, डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा सीपीआर रुग्णालयात जाणाऱ्या म्हाताऱ्याचे. ठराव करताना यांतल्या कुणाला काही विचारले गेले असण्याची शक्यता कमीच. भांडण जमिनीचे, आणि वेठीला धरायचे ते जमीन नसलेल्यांना, ही गोष्ट कोल्हापूरला शोभत नाही.

शोभत नाही असे म्हणताना माझ्या मनात शाहू महाराज आहेत, आणि ते केवळ या शहरात त्यांचे नाव घेण्याची रीत आहे म्हणून नव्हे. महाराजांनी २६ जुलै १९०२ ला मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, हे सगळ्यांना पाठ आहे. त्यांनी उभी केलेली बोर्डिंगेही आपण अभिमानाने दाखवतो. पण बोर्डिंग कशाचा उपाय होता, यावर आपण थोडे थांबून विचार करत नाही. शाळा कोल्हापुरात होती आणि मुलगा खेड्यात होता. फी माफ केली तरी मधले अंतर माफ होत नव्हते. अंतर हीसुद्धा एक विषमता आहे, आणि ती राज्याच्या खर्चाने मिटवावी लागते, हे महाराजांनी ओळखले होते. त्या वसतिगृहांचा नफा-तोटा कुणी काढला नाही. आज खेड्यातली मुलगी रोज सकाळी बसने येते आणि संध्याकाळी घरी जाते. तिच्यासाठी बोर्डिंगचे काम बसचा पास करतो.

आता त्या पासाचा हिशेब बघू, कारण खरी मेख तिथे आहे. वाहतूक खात्यात दोन आकडे सतत तोंडात असतात. किलोमीटरमागे उत्पन्न किती, म्हणजे ईपीके, आणि किलोमीटरमागे खर्च किती, म्हणजे सीपीके. ज्या मार्गाचे ईपीके खाली, तो 'तोट्याचा मार्ग'. ऐकायला अगदी सरळ वाटते. पण विद्यार्थ्याचा पास स्वस्त असतो, म्हणून विद्यार्थ्यांनी खच्चून भरलेल्या गाडीचे ईपीके कमीच दिसते. पहाटे भाजीवाल्या येतात ती गाडी येताना भरलेली आणि जाताना रिकामी असते, म्हणून तिचे ईपीके अर्धे. पाळी सुटायच्या वेळी औद्योगिक वसाहतीकडे जाणारी गाडी उलटी, जाताना रिकामी. म्हणजे ज्या मार्गावर सवलतीची माणसे जास्त, ज्या मार्गावर कामाच्या वेळेला बांधलेली माणसे जास्त, तोच मार्ग कागदावर तोट्यात. मोजपट्टीच अशी आहे की ज्यांना बस सगळ्यांत जास्त हवी, त्यांचाच मार्ग आधी कापला जावा. काटकसर करणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात कुणाविषयी आकस नसतो. तो प्रामाणिकपणे खालून वर यादी लावतो. यादीच्या तळाशी कोण बसले आहे, हे त्या आकड्यात लिहिलेले नसते.

मग एक फेरी बंद होते. पुढची गाडी पाऊण तासाने. दोन-चार दिवस माणसे थांबतात, मग ज्याला जमते तो हप्त्यावर दुचाकी घेतो. दुचाकी घरात एकच, आणि ती बहुतेक घरांत पुरुषाची. प्रवासी कमी झाले म्हणून आणखी एक फेरी बंद. शेवटी त्या थांब्यावर उरतात बायका, मुली आणि म्हातारी माणसे, आणि त्यांची संख्या इतकी थोडी असते की तो मार्ग बंद केल्याची बातमीही होत नाही.

तिकीट दरवाढीचेही तसेच आहे. समजा एका वेळच्या तिकिटात पाचच रुपये वाढले. जायचे पाच, यायचे पाच, महिन्याचे २६ दिवस: २६० रुपये. मध्ये गाडी बदलावी लागत असेल तर ५२०. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या एका घरच्या पगारातला हा मोठा तुकडा आहे. तिचा प्रवास पुरुषासारखा घर ते काम आणि काम ते घर असा सरळ नसतो. एका घरातून दुसऱ्या, वाटेत रेशन, परतताना मुलाला शिकवणीतून घेणे. लहान लहान चार प्रवास आणि चार तिकिटे. दर ठरवताना लांबच्या एका प्रवासाचा विचार होतो, तिच्या चार तुकड्यांचा नाही. दिवसभराचा पास स्वस्त ठेवणे हा त्यावरचा अगदी सोपा उपाय आहे.

राज्याने १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट केले. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास दिला. दोन्ही निर्णय चांगले. एसटीत बायकांची गर्दी वाढली, हे कुठल्याही बसस्थानकावर उभे राहिले तरी दिसते. पण या योजना एसटीच्या. सवलतीची भरपाई राज्य सरकार एसटीला देते, शहरातल्या बससेवेला नाही. त्यामुळे कोल्हापुरातून सोलापूरला जाणाऱ्या बाईला राज्य निम्मे पैसे देते आणि वडणग्याहून गंगावेशीत येणाऱ्या बाईचा भार तिच्यावर आणि महापालिकेवर. दोघींत राज्याच्या मदतीची जास्त गरज कुणाला आहे? सोलापूरला वर्षातून दोनदा जाणे होते, गंगावेशीत रोज. इथून चाळीसेक किलोमीटरवर निपाणीत, कर्नाटकात, ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेखाली बायकांना राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीटच नाही, शहर बस असो वा गावाची. तिथेही तिजोरीवर ताण येतो आणि त्यावर वाद होतो. पण शहराची बस आणि गावाची बस असा भेद त्यांनी केला नाही, एवढे तरी आपण शिकण्यासारखे आहे.

नुसते तिकीट स्वस्त केले की काम झाले, असेही नाही. मुंबईत ९ जुलै २०१९ पासून बेस्टचे किमान भाडे ५ रुपये झाले आणि गेलेले प्रवासी परत आले. पण त्याच काळात बेस्टच्या स्वतःच्या गाड्या भंगारात निघत गेल्या, त्यांच्या जागी पुरेशा नव्या आल्या नाहीत, आणि भाडेतत्त्वावरच्या गाड्यांवर भिस्त वाढली. थांब्यावर तासभर उभे राहणाऱ्याला पाच रुपयांचे तिकीट स्वस्त पडत नाही. ९ मे २०२५ ला ते भाडे दुप्पट, १० रुपये झाले. भाडेतत्त्वाच्या गाड्यांवरच्या चालकांनी ऑगस्ट २०२३ मध्ये पगारासाठी संप केला होता, तोही विसरू नये. खर्च कमी झाला असे आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा एवढेच घडलेले असते, की तेच स्टिअरिंग कमी पगारावर दुसऱ्या माणसाच्या हातात दिले गेले आहे. डिसेंबर २०२४ मधल्या कुर्ल्याच्या बस अपघातानंतर अशा चालकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी आला. आधी तो फारसा विचारला जात नव्हता.

हे सगळे आत्ता लिहायचे कारण इलेक्ट्रिक बस. केंद्राच्या मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२३ ला पीएम ई-बस सेवा योजना मंजूर केली: १० हजार गाड्या, ५७,६१३ कोटींचा खर्च, त्यात केंद्राचा वाटा २० हजार कोटी. तीत कोल्हापूरच्या वाट्याला १०० गाड्या आल्या. या गाड्या हव्यातच. धूर नाही, आवाज नाही, आणि पायरी खाली असली तर गुडघे दुखणाऱ्या मावशीला आणि चाकाच्या खुर्चीतल्या मुलालाही चढता येते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ पासून वाहतूक सुगम करायला सांगतोच आहे.

पण या योजनेत गाडी आणि चालक ठेकेदाराचे. महापालिकेने त्याला किलोमीटरमागे पैसे द्यायचे. त्यांतले १२ मीटरच्या गाडीला २४ रुपये, ९ मीटरच्या गाडीला २२ आणि ७ मीटरच्या गाडीला २० रुपये केंद्र देणार, तेही ठरावीक वर्षे. उरलेले तिकिटांतून आणि महापालिकेच्या खिशातून. गाडी भरो अथवा न भरो, करारात ठरलेल्या किलोमीटरचे पैसे द्यावेच लागतात. मग पैशाची चणचण असलेली महापालिका काय करील? जिथे उत्पन्न हमखास, त्या गर्दीच्या रस्त्यांवर नव्या गाड्या फिरवील आणि करारातून सुटका नसल्यामुळे बचत जुन्या गाड्यांतून, म्हणजे गावांच्या फेऱ्यांतून काढील. असे होईलच असे मी म्हणत नाही. आकड्यांचा उतार त्या दिशेला आहे, एवढे म्हणतो. उतारावर पाणी कुठे जाते हे पंचगंगेच्या काठच्या माणसांना सांगायला नको.

आणखी एक बारीक गोष्ट. नव्या गाडीत बुट्टी कुठे ठेवायची? जुन्या गाडीत मागच्या सीटाखाली, इंजिनाशेजारी, दाराजवळ ती कुठे ना कुठे बसते, आणि कंडक्टर पायाने थोडी सरकवून वाट करून देतो. गुळगुळीत जमिनीच्या, अरुंद वाटेच्या गाडीत "सामान चालणार नाही" हे तीन शब्द पुरतील, आणि ज्यांनी ती मंडई पिढ्यान्‌पिढ्या चालवली त्या बायका शहराच्या सर्वांत चांगल्या गाडीतून बाहेर राहतील. दोन सीटे काढून तिथे मोकळी जागा ठेवली तर चाकाची खुर्चीही बसेल आणि बुट्टीही. गाड्या रस्त्यावर येण्याआधी हे सांगायला फारसा खर्च नाही, नंतर आहे.

ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याने सरकारी संस्थांवर एक जबाबदारी टाकली आहे. धोरण ठरवताना त्याचा बायकांवर, म्हाताऱ्यांवर, अपंगांवर, वेगवेगळ्या समाजगटांवर काय परिणाम होईल याचा विचार आधी करायचा. बसच्या कायद्यात बदल करतानाही तिथे असा कागद निघतो, एकीकडे खर्चाचा हिशेब आणि दुसरीकडे समानतेचा. त्या देशाने १९८६ मध्ये लंडन सोडून बाकी सगळीकडची बससेवा मोकळ्या बाजारावर सोडली होती. कंपन्यांनी नफ्याचे रस्ते धरले आणि बाकीचे सोडले. मँचेस्टरने सप्टेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने मार्ग, वेळा आणि भाडे ठरवायचे अधिकार परत सार्वजनिक हातात घेतले. जानेवारी २०२५ मध्ये ते काम पुरे झाले. गाड्या खासगी कंपन्याच चालवतात, पण कुठे आणि किती वाजता, हे शहर ठरवते. हे कळायला त्यांना ३७ वर्षे लागली. आपण इचलकरंजीला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतो. निदान त्या नावाच्या शहराने खाल्लेली ठेच आपण तरी खाऊ नये.

पैसा कुणी द्यायचा हा प्रश्न मी टाळत नाही. घरफाळा भरणाऱ्या एकट्या शहराने ४२ गावांच्या बसचा भार उचलावा, असे माझे म्हणणे नाही. पुण्यात पीएमपीची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका ६० आणि ४० टक्के अशी वाटून घेतात. तिथेही हद्दीबाहेरच्या गावांचा तोटा कुणाचा, हा वाद आहेच, पण निदान वाटणीचे तत्त्व मान्य आहे. कोल्हापुरात प्राधिकरण त्या ४२ गावांतल्या बांधकामांना परवानगी देते आणि त्याचे शुल्क घेते. औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांना कामगार वेळेवर हवे असतात. राज्याला शहर बसमधल्या बायकांच्या निम्म्या तिकिटाची भरपाई देता येईल. या सगळ्यांनी मिळून गावांच्या फेऱ्यांचा वाटा उचलावा आणि तो लेखी ठरावा, म्हणजे दर वर्षी बस हे धमकीचे हत्यार होणार नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षे कारभार प्रशासकांकडे राहिला. फेरी बंद झाली तर नगरसेवकाच्या दारात जाऊन भांडायची जी जुनी सोय होती, तीही त्या काळात नव्हती. गावातल्या बाईला तर ती कधीच नव्हती. ती या शहराची मतदार नाही. तिच्यासाठी शहराच्या कारभारात एक कागद असावा असे मला वाटते. कुठलाही मार्ग बंद करण्याआधी, दर वाढवण्याआधी, नव्या गाड्यांचे मार्ग ठरवण्याआधी सात दिवस त्या गाडीत बसून मोजायचे: बायका किती, पासाची मुले किती, साठीच्या पुढचे किती, कामावर जाणारे किती, आणि गाडी नसेल तर ही माणसे कशाने आणि किती पैशात जातील. हा आकडा ईपीकेच्या शेजारच्या रकान्यात लिहायचा आणि मगच सही करायची. शिवाजी विद्यापीठाची मुले हे काम आनंदाने करतील. त्यांतली कित्येक त्याच गाड्यांतून येतात.

मोजणी मात्र पहिल्या गाडीपासून व्हायला हवी. दहाला कचेऱ्या उघडतात तेव्हा मंडईतल्या बुट्ट्या निम्म्या झालेल्या असतात, आणि मावशी परतीच्या गाडीची वेळ विचारू लागलेल्या असतात.